ऊसपट्ट्यात राहून विजेची गाडी घ्यावी, की इथेनॉलच्या गाडीची वाट पाहावी?

कृष्णाकाठ (वाळवा)

नमस्कार मंडळी. आमची पेट्रोलची गाडी बारा वर्षांची झाली असून दिवाळीपर्यंत नवी घ्यायचा विचार आहे. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा विजेचीच गाडी घ्या म्हणून मागे लागला आहे. माझे मन मात्र अजून तयार होत नाही आणि ते केवळ जुन्याच्या मोहापायी नाही.

आमच्या शिवारातला ऊस तोडला की दोन-तीन दिवसांत कारखान्यात गाळला जातो आणि त्याच आवारातल्या डिस्टिलरीतून इथेनॉलचे टँकर बाहेर पडतात. रसापासून केलेल्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे दर ठरलेला आहे. हा पैसा आखातात न जाता उसाच्या बिलाच्या रूपाने आपल्याच बँकेत जमा होतो. बॅटरीतले लिथियम आणि कोबाल्ट मात्र बाहेरून येते. खनिज तेलाचे परावलंबित्व घालवण्यासाठी दुसरे परावलंबित्व विकत घ्यायचे, हे मला पटत नाही.

दुसरे कारण २०१९च्या ऑगस्टमधले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती. गावातली म्हातारी माणसे आणि जनावरे आम्ही ट्रॅक्टरने हलवली. ट्रॅक्टरला डिझेल कॅनमधून, दोन माणसांच्या खांद्यावरून, कंबरभर पाण्यातून आले. वीज अशी कॅनमधून आणता येत नाही.

तेव्हा विचारतो: ज्या भागात इंधन शेतात पिकते, त्या भागाने विजेच्या मागे का लागावे? ज्यांच्याकडे विजेची गाडी आहे त्यांनी अडचणी मोकळेपणाने सांगाव्यात.

खंबाटकी (सातारा)

काका, माझ्याकडे अडीच वर्षांपासून विजेची मोटार आहे आणि तिच्या अडचणी मी पदरमोड करून शिकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीच्या कागदावर जेवढे किलोमीटर छापलेले असतात, त्याच्या सत्तर टक्के धरून चालावे. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने गेल्यास त्याहूनही कमी मिळतात. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. परत येताना ब्रेकमधून थोडी वीज बॅटरीत भरली जाते, त्यामुळे शेवटचा हिशेब फारसा बिघडत नाही. मात्र वरच्या मुक्कामी बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला सुरुवात केली, तर ती वीज ठेवायला जागाच उरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ही गोष्ट गाडी विकताना मला कोणीही सांगितली नव्हती. आता मी वर असताना ऐंशी टक्क्यांवरच थांबतो.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून परतताना महामार्गावरच्या एका चार्जिंग केंद्रावर थांबलो. तिथल्या दोन यंत्रांपैकी एक बंद होते आणि दुसऱ्यावर आमच्या आधी दोन गाड्या होत्या. उन्हात, सोबत सहा वर्षांची मुलगी असताना, एक तास चाळीस मिनिटे गेली. पेट्रोलच्या गाडीला पाच मिनिटे पुरली असती. तिथला दरही घरच्या विजेच्या जवळजवळ दुप्पट होता.

एवढे असूनही मी पुन्हा विजेचीच गाडी घेईन, कारण माझे रोजचे जाणे-येणे पन्नास किलोमीटरच्या आतले आहे आणि गाडी रात्री घरीच चार्ज होते. तुमचे रोजचे अंतर किती आहे, हे आधी सांगा. त्यावाचून या प्रश्नाला उत्तर नाही.

माणदेशी (आटपाडी)

कृष्णाकाठ यांच्या भावनेचा आदर राखून एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. इंधन शेतात पिकते असे आपण म्हणता, पण ते पाण्यावर पिकते. इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केला, त्यातच उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलसाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असा आकडा आहे.

टेंभू योजनेचे पाणी आमच्या शिवारात पोहोचले तो दिवस मला आजही आठवतो. माझी आई पाटाच्या कडेला बसून हात बुडवून पाहत होती, कारण तिने साठ वर्षे पाण्याच्या टँकरखेरीज उन्हाळ्यात वाहते पाणी पाहिले नव्हते. ते पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवावे लागते आणि ते पंप विजेवरच चालतात. पाणी आल्यावर दोन वर्षांत आमच्याकडेही डाळिंबाच्या शेजारी ऊस उभा राहिला. विजेने पाणी चढवायचे, त्या पाण्यावर ऊस वाढवायचा, उसाचे इथेनॉल करायचे आणि ते जाळून गाडी चालवायची, ही वाट केवढी लांबची आहे याचा विचार व्हावा. तीच वीज गाडीत थेट भरली, तर मधले पाणी ज्वारीला आणि डाळिंबाला राहते.

नांगरट (कडेगाव)

मी ट्रॅक्टरवाला आहे. मोटारीचे काय ते शहरातल्या लोकांनी ठरवावे, पण ऊसवाहतुकीची आणि मशागतीची वाहने विजेवर नेण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा आमच्या फडात यावे.

डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला की फडातली वाट लोण्यासारखी होते. भरलेली ट्रॉली आसापर्यंत रुतते. मग पुढे दुसरा ट्रॅक्टर साखळीने जोडून दोन्ही इंजिने एकदम ओढावी लागतात आणि अर्धा-अर्धा तास पूर्ण ताकद चालू राहते. त्यानंतर दोन ट्रॉल्या घेऊन कारखाना गाठायचा, गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवायच्या जागी, नंबर लागेपर्यंत रात्र काढायची आणि पहाटे रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पुन्हा फडात यायचे. हंगामाचे चार-पाच महिने ही साखळी तुटत नाही. चार्जिंगसाठी सहा तास उभे राहणारे वाहन या कामात एका आठवड्यात मालकाला कर्जात घालेल.

तारजोडणी (सांगली)

नांगरट यांचे म्हणणे आकड्यांनीही खरे ठरते. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने आठ तासांत सरासरी वीस किलोवॅटचे काम केले, तर १६० युनिट लागतात. सध्याच्या बॅटरीच्या संपूर्ण खोक्याचे वजन धरले, तर एक किलोत साधारण दीडशे वॉट-तास मावतात (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास), म्हणजे बॅटरीच एक टनाहून जड होईल. डिझेलच्या एका लिटरमध्ये दहा युनिटांच्या आसपास उष्णता असते आणि इंजिन तिच्यातली तीस टक्के कामाला लावते असे धरले, तरी तेच काम सुमारे ५४ लिटरमध्ये, म्हणजे पंचेचाळीस किलो वजनात होते. एवढ्याशा वजनात एवढी ताकद साठवणे हा द्रव इंधनाचा खरा गुण आहे आणि बॅटरीला तो अजून साधलेला नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र वजनाचा मुद्दा इतका कडक राहत नाही. पेट्रोलचे इंजिन इंधनातल्या उष्णतेचा पाव हिस्सा, फार तर तीस टक्के चाकापर्यंत पोहोचवते आणि बाकीची रेडिएटरमधून व धुराच्या नळीतून जाते. विजेची मोटर बॅटरीतल्या विजेचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग चाकाला देते.

आता विजेच्या बाजूची कमजोरीही सांगतो, कारण ती लपवणे बरोबर नाही. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट असली आणि वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या असल्या, तरी आपल्या घराच्या तारेत येणारी वीज साऱ्या देशाच्या जाळ्यातून येते आणि तिच्यातील सुमारे तीन-चतुर्थांश कोळशाची आहे. एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, गाडी युनिटमागे सात किलोमीटर चालली आणि चार्जिंगमधली गळती मोजली, तर किलोमीटरला ११० ते १२० ग्रॅम पडतात. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीच्या नळीतून सुमारे १२८ ग्रॅम निघतात आणि तेल शुद्ध करण्याचा भार त्यावर वेगळा. म्हणजे आजच्या घडीला विजेची मोटार पुढे आहे, पण जाहिरातीत दाखवतात तितकी नाही. छतावर सौर पॅनेल असेल आणि गाडी दिवसा घरी असेल, तर मात्र चित्र पूर्ण बदलते.

कृष्णाकाठ (वाळवा)

सर्वांचे आभार. खंबाटकी, माझे रोजचे जाणे-येणे इस्लामपूरपर्यंत, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आत आहे. महिन्यातून एकदा पुणे आणि वर्षातून दोनदा सोलापूर-पंढरपूर होते.

माणदेशी, आपल्या आईंचे वाचून गलबलून आले. पाण्याचा मुद्दा मी नाकारत नाही. परंतु ऊस फक्त इथेनॉलसाठी लावला जात नाही. साखर निघते, चिपाडावर कारखाना स्वतःची वीज करून उरलेली विकतो, वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, जनावरे जगतात. रस न वापरता मळीपासून इथेनॉल केले, तर तो एका अर्थी उरलेल्या मालाचाच उपयोग आहे. माझ्या साडेतीन एकरांना चार वर्षांपूर्वी ठिबक केले, तेव्हापासून पाणी निम्म्याच्या जवळ आले आहे.

रसायनशाळा (कराड)

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. इथेनॉलबद्दल दोन्ही टोकांची चुकीची माहिती पसरते, म्हणून लिहिते.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध इथेनॉलवर गाडी चालवली, तर टाकी अधिक वेळा भरावी लागेल, हे गृहीत धरूनच दराची तुलना करायला हवी. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमुळे मायलेज किती घटेल, याचे अंदाज नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात आहेत: मिश्रणाचा विचार न करता बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींत सहा ते सात टक्के, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या मोटारींत एक ते दोन टक्के. गाडी निम्मीच चालते असे जे सांगतात त्यांच्या गाडीत दुसरा बिघाड असणार.

इथेनॉल पाणी ओढून घेते, हा त्याचा खरा दोष आहे. आमच्याकडची जुनी कार्बोरेटरची स्कूटर दोन पावसाळे फारशी न वापरता ओट्याखाली उभी होती. ती चालू होईना, तेव्हा मेकॅनिकने टाकीतले पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत काढून खिडकीवर ठेवले. दहा मिनिटांत बाटलीत दोन थर दिसू लागले. वर पिवळसर पेट्रोल होते आणि तळाशी चार बोटे गढूळ, पांढुरके पाणी व इथेनॉल. ठराविक प्रमाणाबाहेर पाणी शिरले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसते आणि इंजिनला नेमका तोच तळाचा थर आधी मिळतो. वर्गात मी हा प्रयोग वीस वर्षे शिकवत आले, पण घरच्या गाडीत पहिल्यांदा पाहिला. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही इथेनॉलने कडक होऊन चिरतात. नियमित चालणाऱ्या नव्या गाडीला हा त्रास सहसा होत नाही.

औंधकर (खटाव)

द्रव इंधन म्हटले की मला मोगली एरंड (जट्रोफा) आठवतो. वीस वर्षांपूर्वी बांधावर लावा, पडीक रानात लावा, डिझेलला पर्याय आहे, असे सगळीकडून सांगितले गेले. वडिलांनी दीड एकर मुरमाड रानात लावला. ज्या रानात पाणी नाही तिथे झाड जगते हे खरे निघाले, पण बिया धरायला त्यालाही पाणी आणि खत लागते, हे तीन वर्षांनी कळले. निघालेली चार पोती घ्यायला कोणी आले नाही. ती पोती गोठ्याच्या माळ्यावर कुजली. म्हणून शेतात पिकणाऱ्या इंधनाची घोषणा ऐकली की मी आधी विचारतो, खरेदी कोण करणार आणि कोणत्या दराने.

हळदबाजार (सांगली)

औंधकर, अगदी खरे आहे. त्यापेक्षा तळणीचे वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करणे मला अधिक समंजसपणाचे वाटते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली त्यासाठी योजना आणली. आमचा फरसाणचा छोटा व्यवसाय आहे. पूर्वी काळे पडलेले तेल गाड्यावरची माणसे मागून न्यायची आणि पुन्हा त्यातच भजी तळायची. ते लोकांच्या पोटात जाण्यापेक्षा इंजिनात जाणे केव्हाही चांगले. त्याला ना पाणी लागते, ना जमीन.

एकरभर (तासगाव)

जमिनीचा विषय निघालाच आहे, तर एक हिशेब मांडतो. तो कोणालाही घरी करून पाहता येईल.

एक एकर ऊस, उतारा चाळीस टन. सगळा रस इथेनॉलला दिला, तर टनाला सुमारे ७० लिटर, म्हणजे २,८०० लिटर. शुद्ध इथेनॉलवर मोटार लिटरला बारा किलोमीटर चालली असे धरले, तर ३३,६०० किलोमीटर. आडसाली असेल, तर एवढ्यासाठी सोळा-अठरा महिने जातात.

तेवढ्याच एकरावर सौर पॅनेल बसवले, तर पाव मेगावॉटच्या आसपास बसतात. आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साडेतीन लाख युनिट निघतात. गळती वजा जाता युनिटला सहा किलोमीटर धरा. एकवीस लाख किलोमीटर होतात. उसाचे पान सूर्यप्रकाशाचा शंभरातला एखादा भाग साठवते आणि पॅनेल वीसच्या आसपास, यातच या फरकाचे कारण आहे. आकड्यांत थोडे इकडेतिकडे झाले, तरी साठपटीची दरी भरून येत नाही.

नांगरट (कडेगाव)

एकरभर, हिशेब बरोबर असेल, पण त्या एकरात माणूस कुठे आहे? उसाच्या एकरावर लागणीची माणसे, तोडणीची टोळी, वाहतूकदार, कारखान्याचे कामगार आणि गावातला किराणा दुकानदार जगतो. पॅनेलच्या एकराला एक राखणदार पुरतो. काळ्या रानात काच अंथरण्याला माझा ठाम विरोध आहे.

एकरभर (तासगाव)

काळ्या रानाला माझाही विरोधच आहे. जतच्या पूर्व भागात मैलोन्‌मैल माळ पडलेला आहे, शिवाय कारखान्यांची आणि शाळांची छपरे आहेत. माझे म्हणणे एवढेच की मोटारीसारख्या हलक्या कामासाठी उसाचे पाणी खर्च करू नये.

माणदेशी (आटपाडी)

सहमत.

मळवी (शिराळा)

मी मूळ प्रश्नाकडे येतो, कारण काकांना निर्णय घ्यायचा आहे आणि आपण जमिनीच्या हिशेबातच अडकलो आहोत.

आजच्या पंपावर जे मिळते त्यात इथेनॉल वीस टक्के आणि पेट्रोल ऐंशी टक्के असते. तेव्हा आज पेट्रोलची नवी गाडी घेणे म्हणजे ऊस, मका वगैरे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला वीस भाग आणि आयात तेलाला ऐंशी भाग देणे. ब्राझीलमध्ये १९७५ साली सरकारी कार्यक्रम सुरू झाला, कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या २००३पासून आल्या आणि तिथला बहुतेक ऊस पावसावर येतो. आपल्याकडे अशा मोटारीचा नमुना २०२३च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत दाखवला गेला आणि मार्च २०२४मध्ये पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर जवळजवळ शुद्ध इथेनॉलची विक्री सुरू झाली. महाराष्ट्र त्यात आहे, परंतु आपल्या गावाजवळच्या पंपावर ते मिळते का, हे विचारून मगच वाट पाहावी.

धोरणाचा भरवसाही लक्षात घ्यावा. २०२३मध्ये पाऊस कमी झाला आणि साखरेची चिंता वाटली, तेव्हा डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक मर्यादा घातली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरीची क्षमता वाढवली होती, त्यांची झोप उडाली. पुढच्या हंगामासाठी ती मर्यादा उठली, पण दुष्काळात इंधन आणि साखर यांत निवड करायची झाली, तर साखरच पुढे राहणार आणि ते योग्यही आहे.

कृष्णाकाठ (वाळवा)

मळवी, वीस आणि ऐंशीचा मुद्दा मी या दृष्टीने पाहिलाच नव्हता. उसाचे इंधन म्हणून मी ज्याचा कैवार घेत होतो, त्यातले पाचापैकी चार भाग खनिज तेलाचेच आहेत हे मान्य करतो.

मात्र पुराचा आणि बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न कोणी घेतला नाही.

तारजोडणी (सांगली)

पुराबद्दल: २०१९मध्ये मी सांगलीत गावभागात होतो. पहिल्या दोन दिवसांनंतर पेट्रोल पंपही बंद पडले, कारण पंपाचे यंत्र विजेवर चालते आणि टँकर येण्याचे रस्ते पाण्याखाली होते. ज्यांनी आधीच कॅन भरून ठेवले त्यांचे भागले. त्या काळात बोटी आणि जनित्रे द्रव इंधनावरच चालली, हे निर्विवाद आहे. आपला ट्रॅक्टर डिझेलवरच ठेवा आणि पूररेषेतल्या प्रत्येक गावाने तसे एक-दोन ट्रॅक्टर तयार ठेवावेत. मोटार मात्र, कोणतीही असली, तरी पाणी वाढू लागताच उंचावर नेऊन ठेवायची असते. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत पेट्रोल आणि डिझेलच्या बुडालेल्या गाड्यांची रांग ओढून न्यावी लागली होती. विजेची गाडी बुडाली, तर तज्ज्ञाने तपासल्याशिवाय तिला हात लावू नये किंवा चार्जिंगला जोडू नये.

बॅटरीला बहुतेक मोटार कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल त्याची हमी देतात. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी घ्या. तिच्यात कोबाल्ट नसते आणि ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात अधिक सुरक्षित समजली जाते. वजन थोडे जास्त असते. हमी संपल्यावर बॅटरी बदलण्याचा खर्च मोठा आहे आणि जुन्या विजेच्या गाडीला बाजारात भाव कमी मिळतो, हे दोन तोटे आजही कायम आहेत.

खंबाटकी (सातारा)

त्यात तिसरा तोटा जोडतो. गावातला मेकॅनिक ही गाडी उघडू शकत नाही. माझ्या गाडीचा एक साधा सेन्सर बिघडला, तेव्हा ती क्रेनवर घालून पुण्याला न्यावी लागली आणि अकरा दिवस तिथेच राहिली. ज्याने माझी आधीची गाडी पंधरा वर्षे सांभाळली, तो गृहस्थ तिच्याभोवती एक फेरी मारून हात पुसत बाजूला झाला. त्याच्या पोराने आता आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले आहे.

कृष्णाकाठ (वाळवा)

मंडळी, काल रात्री मुलाशी बोललो. रोजच्या वापरासाठी विजेची लहान गाडी घ्यायची, ट्रॅक्टर डिझेलवरच ठेवायचा आणि पंढरपूरला एसटीने जायचे, असे ठरते आहे. घर मळ्यात आहे. रात्री अकरानंतर मोटारपंप सुरू झाले की घरातला दिवा पिवळा पडतो. एवढ्या कमी दाबावर गाडी चार्ज होईल का?

तारजोडणी (सांगली)

गाडी खराब होणार नाही, पण दाब फार उतरला की चार्जर आपोआप थांबतो आणि सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली मिळते. पंप सुरू होण्याआधी, संध्याकाळी सहापासून लावा. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीस युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला दहा तास लागतात, पण आपल्या चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिटच लागतील, म्हणजे अडीच तास. मीटरपासून स्वतंत्र तार ओढा आणि गाडी येण्याआधी अर्थिंगचा खड्डा नव्याने करून घ्या. मळ्यातल्या घरांचे अर्थिंग बहुधा उन्हाळ्यात कोरडे पडलेले असते. खड्डा जिथे जमीन ओली राहते तिथे घ्या. रविवारी मी बोरगावला येणार आहे, येताना अर्थिंग मोजायचे मापक घेऊन येतो.